एसटीसाठी मागायचं काय, कोणाकडे आणि कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आता घरोघरी दुचाकी आहे, वडापची जीप आहे, काळी-पिवळी आहे. एसटीसाठी भांडायचं कशाला?

ज्यांच्या घरी दुचाकी आहे त्या घरातही ती एकालाच मिळते. सकाळी कर्ता माणूस ती घेऊन जातो. मग आठवीतली मुलगी, दवाखान्यात जायची आजी आणि बाजाराला निघालेली सून कशानं जाणार? एसटीच्या फलाटावर उभे असतात ते हेच लोक. त्यांच्या वतीनं बोलायला सहसा कोणी नसतं.

गडचिरोलीच्या एटापल्ली भागातल्या गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी रस्त्यावर १ जानेवारी २०२५ ला पहिल्यांदा एसटी धावली. स्वातंत्र्याला तेव्हा सत्याहत्तर वर्षं झाली होती. आपल्याकडे दिवसाला पाच फेऱ्या असतील तर एक कमी झाल्याचं फारसं वाटत नाही. पण एकच फेरी असलेल्या गावात ती बंद होते तेव्हा मुलींचं कॉलेज सुटतं. ही गोष्ट ज्या त्या गावात जाऊन कोणीही तपासून पाहावी.

एसटी तोट्यात आहे. तोट्यातली फेरी बंद करणं चूक कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. आगारात अर्ज घेऊन गेलात की हाच तुमच्यासमोर ठेवला जातो, म्हणून उत्तर नीट समजून घ्या.

एसटी महामंडळ १९५० च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्याखाली चालतं. त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये महामंडळाचं कर्तव्य लिहिलं आहे: कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र रस्ता वाहतूक सेवा देणं. कलम २२ म्हणतं की महामंडळानं कारभार व्यावसायिक तत्त्वांवर करावा. दोन्ही कलमं एकाच कायद्यात आहेत. अधिकारी बहुतेक वेळा २२ सांगतात. तुम्ही १८ दाखवा, आणि त्यातल्या ‘पुरेशी’ या शब्दावर बोट ठेवा.

आता भारमानाचं बघू. गाडीतली किती टक्के आसनं भरली, त्यावरून फेरी चांगली की वाईट हे ठरतं. तालुक्याला जाणारी सकाळी साडेसहाची गाडी खचाखच भरते, पण तीच गाडी आदल्या संध्याकाळी मुक्कामाला गावाकडे येताना जवळपास रिकामी येते. दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढली की भारमान पडतं आणि कागदावर ही फेरी ‘कमी उत्पन्नाची’ ठरते. संध्याकाळची मुक्कामी गाडी रिकामी आली नाही तर सकाळी मुलांना घेऊन जाणार कोण, याचं उत्तर त्या आकड्यात नसतं.

शिवाय भारमान का पडलं हेही विचारायला हवं. गाडी आठवड्यातून दोनदा आलीच नाही, एकदा तासभर उशिरा आली, एकदा वाटेत बंद पडली, तर लोक वडापकडे वळणारच. मग भारमान पडतं आणि फेरी बंद होते. पुढच्या वर्षी त्याच मार्गावर ‘प्रवासी नाहीत’ असा शेरा मिळतो. प्रवाशांना हाकललं अनियमित सेवेनं, आणि शिक्षाही प्रवाशांनाच. म्हणून फेरी बंद करण्यापूर्वी ती गेल्या वर्षभरात किती वेळा रद्द झाली, हा आकडा भारमानाच्या शेजारी मांडलाच पाहिजे. आमच्या मते सगळ्या मागण्यांमध्ये ही पहिली.

मग तोटा सोसायचा कोणी?

राज्य सरकारनं, आणि तेही उपकार म्हणून नव्हे. जून २०२५ मध्ये सरकारनंच एसटीच्या आर्थिक स्थितीवर श्वेतपत्रिका काढली. त्यात संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. हा आकडा ऐकला की लोक एसटीवर रागावतात. तो कशातून साचला तेही बघा. एकीकडे एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार १७.५ टक्के प्रवासी कर घेत आलं आहे. दुसरीकडे सवलती सरकार जाहीर करतं आणि त्यांचं मूल्य एसटीला प्रतिपूर्ती म्हणून नंतर मिळतं. प्रतिपूर्तीला उशीर झाला की डिझेल, सुटे भाग, कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, सगळीकडे ओढाताण सुरू होते.

म्हणून मागणी दोन कलमी असावी: प्रवासी कर कमी करा, आणि सवलतीचे पैसे ठरलेल्या तारखेला द्या. रस्ता बांधताना कोणी त्या रस्त्याला नफा किती होईल असं विचारत नाही. त्याच रस्त्यावर धावणाऱ्या सार्वजनिक गाडीला मात्र ते रोज विचारलं जातं.

महिलांना अर्धं तिकीट आणि ज्येष्ठांना मोफत प्रवास दिल्यामुळे एसटी बुडाली का?

नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, महिलांचं अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून. एसटीची आर्थिक दुखणी त्याच्या कितीतरी आधीची आहेत. उलट, अर्ध्या तिकिटामुळे बायका पुन्हा एसटीकडे आल्या. माहेरी जाणं, बँकेत जाणं, स्वतःच्या तपासणीसाठी दवाखान्यात जाणं यासाठी घरात पैसे मागावे लागत होते, ते ओझं हलकं झालं. सवलतीवर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. सवलत दिली पण त्या प्रवाशांना बसवायला गाडी वाढवली नाही, हा खरा प्रश्न आहे.

भाडेवाढीला विरोध करायचा का?

सरसकट नको. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ लागू झाली. भाडं कसं ठरावं याचं सूत्र हकीम समितीनं दिलेलं आहे. इंधन, टायर, चासीच्या किमती आणि महागाई भत्ता वाढला की त्या प्रमाणात भाडं वाढतं. अनेक वर्षं भाडं रोखून ठेवायचं आणि मग एकदम मोठा बोजा टाकायचा, हे प्रवाशांच्या सोयीचं नाही. थोडी थोडी, वेळच्या वेळी आणि आधी जाहीर केलेली वाढ बरी.

पण वाढीबरोबर सेवेची हमी मागा. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात, त्यामुळे जवळच्या गावच्या प्रवाशाला पुढच्या पूर्ण टप्प्याचे पैसे द्यावे लागतात. रोज शाळेला किंवा मजुरीला जाणाऱ्यांना याची झळ जास्त लागते. टप्पा लहान करा, ही मागणी गरीब प्रवाशाला थेट उपयोगी पडेल.

गाड्या एवढ्या जुन्या आणि मोडकळीला आलेल्या का?

गाड्या वेळेवर घेतल्या नाहीत, आणि आहेत त्यांची देखभाल करायला माणसं आणि सुटे भाग पुरेसे दिले नाहीत. मुळात एसटीची यंत्रणा चांगली आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, तिथे गाड्यांची बांधणी व्हायची. प्रत्येक विभागाला विभागीय कार्यशाळा, प्रत्येक आगारात यांत्रिक विभाग. इतकी स्वतःची यंत्रणा देशात फार थोड्या महामंडळांकडे आहे. ती रिकामी ठेवून देखभाल सुधारणार नाही.

चालक ड्युटी संपवून गाडी आगारात लावतो तेव्हा ब्रेक, क्लच, दिवे यांच्या तक्रारी लिहून देतो. त्या रात्रीत दुरुस्त व्हायला हव्यात. आगारात यांत्रिकांची पदं रिकामी असली, किंवा हवा तो भाग भांडारात नसला, तर सकाळी तीच गाडी फलाटावर लागते. पावसाळ्यात गळणारं छप्पर आणि न चालणारे वायपर प्रवाशाला दिसतात. घाटात महत्त्वाचे असतात ते ब्रेक आणि टायर, आणि ते प्रवाशाला दिसत नाहीत. म्हणून ‘मार्गस्थ बिघाड’, म्हणजे वाटेत गाडी बंद पडण्याचे प्रकार, किती झाले आणि कशामुळे, याची आगारवार माहिती दर महिन्याला स्थानकावर लावावी, ही मागणी आम्ही फार महत्त्वाची मानतो.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्या नोंदणीतून बाद करण्याचा केंद्राचा नियम लागू आहे. नियम योग्यच आहे. पण जितक्या गाड्या बाद होतील तितक्या नव्या त्याच वर्षी यायला हव्यात, नाहीतर नियमाची किंमत फेऱ्या रद्द होऊन चुकवावी लागते.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की सगळं सुटेल?

काही सुटेल. १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली ‘शिवाई’ धावली. हा मार्ग आणि ही तारीख मुद्दाम निवडलेली. १ जून १९४८ ला याच दोन शहरांमध्ये पहिली एसटी धावली होती. गाडी शांत आहे, धूर नाही, प्रवाशांना आवडलीही. पुढे ५,१५० इलेक्ट्रिक गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला, पण गाड्या ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे आल्या नाहीत.

यातून शिकायचं ते हे: एकाच मोठ्या करारावर विसंबून स्वतःची खरेदी थांबवू नये. पुरवठा चुकला तर दंड किती, गाडी बंद पडली तर बदली गाडी कोण देणार, चालकाच्या प्रशिक्षणाची आणि कामाच्या तासांची जबाबदारी कोणाची, ही कलमं जनतेसमोर असावीत. आणि नव्या गाड्या फक्त शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर गेल्या, खेड्याच्या वाट्याला तीच जुनी लालपरी राहिली, तर तो अन्याय आहे. आगारवार वाटपाची यादी मागा.

सुरक्षिततेबद्दल नेमकं काय मागायचं?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्याबरोबर राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई या दोन एसटी गाड्याही गेल्या. चालक-वाहकांचा दोष शून्य होता. नवा पूल पुढे १६५ दिवसांत बांधून झाला. म्हणजे पैसा होता, तंत्र होतं, माणसंही होती. पण हे सगळं कामाला लागलं ते प्रवाशांचे जीव गेल्यानंतर, याचं दुःख कोकणातल्या माणसाच्या मनातून जात नाही.

१८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी मध्य प्रदेशात खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. २९ नोव्हेंबर २०२४ ला गोंदिया जिल्ह्यात शिवशाही उलटली. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर होते, मदत जाहीर होते. चौकशीतून काय निघालं आणि त्यानंतर काय बदललं, हे मृतांच्या घरच्यांनाही कळत नाही.

आमची मागणी साधी आहे. प्राणघातक अपघाताचा चौकशी अहवाल ठरावीक मुदतीत मराठीत जाहीर करा. त्यात गाडीची शेवटची तपासणी, टायरची स्थिती, चालकाची आधीच्या आठवड्यातली ड्युटी आणि रस्त्याची अवस्था, या चारही गोष्टी असाव्यात. आज बहुतेक वेळा ‘चालकाचं नियंत्रण सुटलं’ एवढ्या तीन शब्दांवर प्रकरण संपतं.

अपघातात मदत मिळते का?

मिळते. २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया अपघात सहाय्यता निधीसाठी घेतला जातो. तिकीट जपून ठेवा, किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करण्याचा हक्क याशिवाय वेगळा आहे.

बसस्थानकावर महिलांच्या सुरक्षेसाठी काय करता येईल?

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला. राज्यातल्या सर्वात गजबजलेल्या स्थानकांपैकी ते एक. त्यानंतर स्थानकांच्या सुरक्षा परीक्षणाचे आदेश निघाले. तुमच्या स्थानकाचं परीक्षण झालं का, त्यात काय त्रुटी निघाल्या आणि किती दूर झाल्या, हे लेखी विचारा.

स्वतःही जाऊन बघा. अंधार पडल्यावर जा, दिवसा जाऊन उपयोग नाही. कोणते दिवे बंद आहेत, उभ्या गाड्यांची दारं कुलूपबंद आहेत का, कॅमेरे चालू आहेत का, पोलीस चौकीत माणूस आहे का, स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, हिरकणी कक्ष (बाळाला दूध पाजायची खोली) उघडा आहे की त्यात सामान भरलं आहे. गावातल्या बायकांनीच ही पाहणी केली तर उत्तम, कारण पुरुषांच्या नजरेतून निम्म्या गोष्टी सुटतात. शेवटच्या गाडीनंतर अडकलेल्या मुलीला थांबायला उजेडाची, माणसांची जागा असली पाहिजे. एवढीही सोय नसेल तर अर्ध्या तिकिटाच्या योजनेला ‘महिला सन्मान’ हे नाव देणं पुरेसं नाही.

चालक-वाहकांच्या प्रश्नांत प्रवाशांनी का पडावं?

कारण आपला जीव त्यांच्या हातात असतो. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शासनात विलीनीकरण ही मुख्य मागणी होती, ती मान्य झाली नाही. त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्या घरांचं काय झालं, हे आपण फार लवकर विसरलो.

मुक्कामी गाडीचा चालक रात्री कुठे झोपतो, कधी विचारलंय? बऱ्याच गावांत गाडीतच. डास, उकाडा, पाणी नाही, आणि पहाटे पुन्हा स्टिअरिंगवर. ग्रामपंचायतीनं एक खोली, पंखा आणि स्वच्छतागृह दिलं तर मुक्कामी गाडी टिकायला मोठी मदत होते. हे गावाच्या हातात आहे, त्यासाठी मंत्रालयात जायला नको.

खड्ड्यांची जबाबदारी कोणाची?

ज्याचा रस्ता त्याची. गावरस्ता आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे. ‘रस्ता खराब’ या कारणानं एसटी बंद झाली असेल तर अर्ज आगारात आणि रस्त्याच्या यंत्रणेकडे, असा दोन्हीकडे करा, नाहीतर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे नसल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा व कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अर्जात याचा उल्लेख करा.

पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात, अथवा दहा मृत्यू झाले असतील तर ते ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतं. पोलीस ठाण्यातून आकडे घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या.

सणासुदीला खासगी ट्रॅव्हल्सवाले वाट्टेल ते भाडं घेतात. काही नियम आहे?

आहे. एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या भाड्यापेक्षा कमाल दीडपट. तिकिटाच्या फोटोसह परिवहन कार्यालयात (आरटीओत) तक्रार करा.

आमच्या गावची फेरी बंद झाली. सुरुवात कुठून करू?

मोर्च्यापासून नको, वहीपासून करा. पंधरा दिवस दोन-तीन जणांनी आळीपाळीनं थांब्यावर नोंद ठेवावी: कोणती गाडी यायची होती, आली का, किती वाजता, किती जण उभे होते, त्यात विद्यार्थी किती. ज्या मुलांकडे पास आहे त्यांची यादी शाळेकडून घ्या. मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. पास देऊन गाडी न देणं हे कोणत्याही अधिकाऱ्याला समर्थन करता येत नाही. तुमचा तालुका मानव विकास मिशनच्या १२५ तालुक्यांत असेल तर मुलींसाठीच्या निळ्या गाडीचं वेळापत्रकही मागा. ती गाडी दुसऱ्याच मार्गावर वळवली जात असेल तर ते अर्जात लिहा.

मग ग्रामसभेचा ठराव. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जवळची तारीख धरा आणि विषय आधीच पत्रिकेवर घ्यायला सांगा. शेजारच्या दोन-तीन गावांनी एकाच मार्गासाठी ठराव केले तर वजन वाढतं. ठराव, वहीतली नोंद आणि शाळेची यादी जोडून आगार व्यवस्थापकांकडे द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

अर्ज असा लिहिता येईल:

“आमच्या गावाहून सकाळी साडेसहाला सुटणारी फेरी गेल्या महिन्यापासून बंद आहे. या फेरीने जाणाऱ्या पासधारक विद्यार्थ्यांची यादी सोबत जोडली आहे. फेरी बंद करण्याचे लेखी कारण, त्यापूर्वीच्या बारा महिन्यांत ती किती वेळा रद्द झाली याची माहिती आणि ती पूर्ववत सुरू करण्याची तारीख कळवावी. रस्ता वाहतूक महामंडळ कायदा, १९५० च्या कलम १८ नुसार पुरेशी सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे.”

सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक एकेका आगारात प्रवाशांच्या तक्रारी ऐकतात. जुलै २०२४ पासूनचा हा ‘प्रवासी राजा दिन’. तुमच्या आगाराची पाळी कधी ते विचारून घ्या आणि पाच-सहा जण जा, त्यात दोन विद्यार्थिनी असू द्या. तिथेही हललं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन आणि ‘आपले सरकार’ हे तक्रार निवारणाचं संकेतस्थळ आहे.

माहिती अधिकारात काय विचारायचं?

‘का’ विचारू नका, कागद मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. गेल्या बारा महिन्यांत रद्द झालेल्या फेऱ्यांची मार्गवार नोंद, आगारातल्या गाड्यांचं नोंदणी वर्ष, मंजूर आणि भरलेली यांत्रिक पदं, मार्गस्थ बिघाडांची नोंद, यातला एकेक विषय वेगळ्या अर्जात घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. फेरी रद्द होण्याचं कारण ‘चालक उपलब्ध नाही’ असं निघालं तर तुमची मागणी भरतीची होते, ‘गाडी उपलब्ध नाही’ असं निघालं तर गाड्यांची. हे न समजता नुसतं निवेदन दिलं तर आश्वासन मिळतं आणि गोष्ट तिथेच राहते.

आमदारांकडे जावं का?

जरूर, पण आकडे घेऊन. ‘एसटीकडे लक्ष द्या’ असं सांगू नका. अधिवेशनाच्या दोन महिने आधी जा आणि तारांकित प्रश्नाचा मसुदाच हातात द्या: या आगारात मंजूर गाड्या किती, प्रत्यक्ष किती, सवलतमूल्याची थकबाकी किती, कधी देणार. सभागृहात मिळालेलं उत्तर नोंदीवर राहतं आणि पुढच्या वर्षी तेच पुढ्यात ठेवता येतं. सगळ्या पक्षांच्या लोकांना एकच कागद द्या. १९५० च्या कायद्यात कलम १७ खाली सल्लागार परिषदेची तरतूद आहे. तिथे रोजच्या प्रवाशांना जागा मिळावी, हीही मागणी आमदारांमार्फत लावून धरा.

वाहकानं गाडी थांबवली नाही, सुटे पैसे दिले नाहीत, उद्धट बोलला. तक्रार करू?

करा. गाडीचा नंबर, वेळ, थांब्याचं नाव आणि तिकीट असेल तर त्याचा क्रमांक लिहून आगारात द्या. गाडीत भांडण वाढवू नका आणि व्हिडिओ काढून फिरवू नका. आणि एखाद्या वाहकानं आजारी प्रवाशासाठी गाडी दवाखान्याशी नेली, चालकानं पुराचं पाणी बघून गाडी पुलाअलीकडे रोखून धरली, तर तेही त्याच आगारात लेखी कळवा. त्याच्या सेवापुस्तकात अशी नोंद व्हावी म्हणून अर्जात तसं स्पष्ट लिहा.